तुळजा लेणी, नाणेघाट आणि एआय

एआयकडून चित्रं काढून घेण्याचा माझा सर्वांत आवडता प्रयोग जुन्नरच्या तुळजा लेण्यांचा. इथला चैत्य गोल आहे : मधोमध स्तूप, भोवती १२ साधे अष्टकोनी खांब, वर घुमट. भारतातल्या लेण्यांत असा नमुना दुर्मीळ. एआयला हे सगळं शब्दांत सांगितलं तरी चित्र येतं ते कार्ल्यासारख्या लांबट चैत्यगृहाचं. ज्या फोटोंवर ही साधनं शिकली, त्यांत कार्ले-अजिंठ्याचीच गर्दी असणार. म्हणून मी आधी पेन्सिलीने आराखडा काढतो, त्याचा फोटो सोबत देतो आणि रंग-प्रकाश तेवढा यंत्रावर सोडतो. मग खांब गोलात उभे राहतात आणि घुमटाखालचा अंधार फार सुरेख उतरतो.

नाणेघाटातल्या सातवाहनकालीन शिलालेखापुढे मात्र हात टेकले. ब्राह्मीसारखी दिसणारी, पण वाचता न येणारी अक्षरं मिळतात. यंत्राच्या लेखी लिपी म्हणजे निव्वळ आकार. शिलालेख मूळ ठशावरूनच चितारावा.

उसातला बिबट्या हुबेहूब जमतो, आणि म्हणूनच तो मी बनवत नाही. बिबट्यांचा वावर असलेल्या जुन्नर-आंबेगावात लोकांना पिकाला पाणी द्यायला शेतात जावं लागतं. तिथे असा खोटा फोटो मोबाइलवर फिरणं म्हणजे वस्तीच्या जिवाला घोर.

आणखी पाहायचं असेल, तर हर्षित अग्रवाल यांचं काम जरूर पाहा. दिल्लीच्या नेचर मोर्त गॅलरीत २०१८ मध्ये भरलेल्या ‘ग्रेडियंट डिसेंट’ या एआय-कलेच्या प्रदर्शनात त्यांच्या कलाकृती होत्या.