स्त्रियांमधील लैंगिक संसर्गांचा प्रतिबंध (विदर्भ)

लैंगिक संसर्ग म्हणजे प्रामुख्याने शरीरसंबंधातून पसरणारे आजार होत. गरमी (उपदंश), परमा, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, जननेंद्रियाची हर्पिस, एचपीव्ही व एचआयव्ही यांचा त्यांत समावेश होतो. स्त्रियांमध्ये यांपैकी अनेक संसर्ग लक्षणांवाचून राहतात. उपचार न झाल्यास त्यांतून वंध्यत्व, गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा किंवा नवजात बालकास संसर्ग संभवतो. त्यामुळे प्रतिबंधात औषधांइतकेच महत्त्व तपासणी स्त्रीपर्यंत पोहोचण्याला आहे.

गडचिरोलीतील अभ्यास

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तक्रार ५५% स्त्रियांनी सांगितली होती. प्रत्यक्षात ९२% स्त्रियांना किमान एक स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळला. निम्मे आजार जननमार्गाच्या संसर्गाचे होते. यापूर्वी अशी तपासणी केवळ ८% स्त्रियांची झाली होती. दवाखान्यात येणाऱ्यांच्या मोजदादीवरून आजाराचा आवाका कळत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

शासकीय उपाययोजना

१९९७ मध्ये सुरू झालेल्या प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रमात जननमार्गाच्या संसर्गांवरील उपचारांचा समावेश झाला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' चालविली जातात. तेथे लक्षणांनुसार रंगीत औषधसंच मोफत मिळतात. अंगावरून पांढरे जाण्यासाठी हिरवा, तर ओटीपोटातील दुखण्यासाठी पिवळा संच असतो. गरोदरपणी एचआयव्ही व गरमीची चाचणी केली जाते. निरोधचा वापर व जोडीदाराचा एकाच वेळी उपचार हेही आवश्यक घटक आहेत. पतीवर उपचार न झाल्यास पत्नीस पुन्हा संसर्ग होतो.

वाशिम जिल्हा

अकोला जिल्ह्यातून १९९८ मध्ये वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्याची चार-पंचमांशाहून अधिक लोकसंख्या ग्रामीण आहे. २०१८ पासून गडचिरोलीप्रमाणेच हा जिल्हाही केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत गणला जातो. अशा भागात स्त्रीचा आरोग्यसेवेशी पहिला संपर्क आशा कार्यकर्ती व उपकेंद्रातील परिचारिकेमार्फत येतो.

मर्यादा

लक्षणाधारित उपचारपद्धतीत लक्षणे नसलेल्या स्त्रिया सुटतात. याउलट, पांढरे जाणे हे दरवेळी लैंगिक संसर्गाचे चिन्ह नसल्याने स्त्रीवर अकारण संशय येऊ शकतो. म्हणून तपासणीतील गोपनीयता हा प्रतिबंधाचाच भाग ठरतो.