ऋण काढून जिंकलेला चषक

१७ मे २००८. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर एफए कपची अंतिम लढत सुरू होती. ३७व्या मिनिटाला कार्डिफ सिटीच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला आणि समोरच उभ्या असलेल्या नायजेरियाच्या न्वांक्वो कानूने तो जाळ्यात ढकलला. या एकाच गोलवर पोर्ट्समथने चषक जिंकला, तोही तब्बल ६९ वर्षांनी. दुसऱ्या दिवशी साउथसीच्या समुद्रकाठी निळ्या शर्टांचा महापूर लोटला. त्यानंतर पाच वर्षे पुरी होण्याआधीच हा क्लब दिवाळखोरीपोटी दोनदा प्रशासकाच्या ताब्यात गेला, तीन पायऱ्या घसरून इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या श्रेणीत पोचला आणि अखेर त्याच्या चाहत्यांनीच पदरमोड करून त्याला विकत घेतले.

क्लबचे चढउतार सहसा गुणतक्त्यावर मोजले जातात. पोर्ट्समथचा चाहता मात्र गेल्या वीस वर्षांत जमाखर्चाची वहीही वाचायला शिकला, आणि त्याची मते ऐकण्याजोगी आहेत ती यामुळेच.

पोर्ट्समथ हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे नौदलाचे शहर. त्याचा मोठा भाग पोर्टसी बेटावर वसला आहे. नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ जहाज इथल्याच गोदीत आहे आणि चार्ल्स डिकन्सचा जन्मही इथलाच. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल साउथसीत दवाखाना चालवत असताना शहरातल्या एका हौशी संघाचे गोलरक्षण करत आणि त्यासाठी ‘ए. सी. स्मिथ’ हे टोपणनाव घेत. तो संघ पुढे बंद पडला. आजचा क्लब स्थापन झाला १८९८ मध्ये आणि पुढच्याच वर्षी फ्रॅटन पार्क हे त्याचे घर झाले. आजही क्लब तिथेच खेळतो. कामगारवस्तीतल्या घरांच्या रांगा मैदानाला खेटून उभ्या आहेत, आणि जुन्या लाकडी नक्षीच्या प्रवेशद्वाराखालून आजा, बाप आणि नातू एकाच रांगेतून आत शिरतात. गाव आणि क्लब या दोघांनाही चाहते एकाच लाडक्या नावाने हाक मारतात: पॉम्पी.

या क्लबने वैभवही भरपूर पाहिले आहे. १९३९ मध्ये वुल्व्हजला ४-१ असे लोळवून त्याने एफए कप जिंकला. लगेच महायुद्ध पेटले, स्पर्धा थांबली आणि चषक सात वर्षे पोर्ट्समथकडेच राहिला. युद्धानंतर १९४९ आणि १९५० अशी सलग दोन वर्षे हा संघ इंग्लंडचा लीगविजेता ठरला. फेब्रुवारी १९४९ मध्ये डर्बी काउंटीविरुद्धच्या सामन्याला फ्रॅटन पार्कवर ५१,३८५ प्रेक्षक होते. त्या संघातला जिमी डिकिन्सन क्लबसाठी लीगचे ७६४ सामने खेळला आणि पंचांना त्याला एकदाही ताकीद द्यावी लागली नाही. पोर्ट्समथमध्ये निष्ठेचे उदाहरण द्यायचे झाले, तर आजही पहिले नाव त्याचेच निघते.

मग उतरण लागली. १९५९ मध्ये पहिली श्रेणी गेली आणि १९७८ पर्यंत संघ चौथ्या श्रेणीत पोचला. मधल्या काळात वर येण्याचे प्रयत्न झाले, पण पाय टिकेनात. १९९७ मध्ये इंग्लंडचे माजी प्रशिक्षक टेरी व्हेनेबल्स यांनी क्लबचा ताबा घेतला, तो अवघ्या एका पौंडाला. शताब्दीच्या हंगामात क्लब प्रशासकाच्या हाती गेला. १९९९ मध्ये मिलान मांदारिच या उद्योजकाने तो वाचवला, हॅरी रेडनॅप यांना व्यवस्थापक नेमले आणि २००३ मध्ये पोर्ट्समथ प्रथमच प्रीमियर लीगमध्ये पोचला.

२००६ मध्ये अलेक्झांडर गायदामाक मालक झाले आणि पैशांचा ओघ सुरू झाला. डेव्हिड जेम्स, सोल कॅम्पबेल, सुली मुंतारी, जर्मेन डिफो असे बिनीचे खेळाडू आले. २००८ च्या कपमध्ये पोर्ट्समथने थेट ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडला हरवले. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला यूएफा कपसाठी एसी मिलान फ्रॅटन पार्कवर आला. काबूल आणि कानू यांच्या गोलांनी यजमानांनी २-० आघाडी घेतली. मग रोनाल्डिन्योने फ्री किकवर एक गोल फेडला आणि भरपाईच्या वेळेत इन्झागीने बरोबरी साधली. जिंकता जिंकता राहिलेला तो सामना चाहत्यांच्या आठवणीत चषकाइतकाच ताजा आहे.

पण हिशेब जुळत नव्हता. जेमतेम वीस हजारांच्या मैदानावर मोठ्या क्लबांच्या तोडीचे पगार दिले जात होते आणि तूट मालकाच्या खिशातून व कर्जातून भागत होती. आपल्याकडे ‘ऋण काढून सण’ म्हणतात, तसाच हा प्रकार. मिलानच्या सामन्याच्या महिनाभर आधीच, ऑक्टोबर २००८ मध्ये, रेडनॅप टॉटनहॅमला निघून गेले होते. दोनच दिवसांनी, आधी ठरल्याप्रमाणे, शहराने त्यांना मानाचे नागरिकत्व बहाल केले आणि त्या समारंभात टाळ्यांबरोबर संतप्त आरोळ्याही उठल्या. खेळाडू एकेक करून विकले गेले. २००९-१० च्या एका हंगामात क्लबने चार मालक पाहिले: गायदामाक, मग जेमतेम सहा आठवडे सुलेमान अल फहीम, मग चाहत्यांना कधी दिसलेच नाहीत असे अली अल फराज आणि शेवटी कर्जाच्या वसुलीपोटी ताबा घेणारे बलराम चैनराय. पगार थकले. २६ फेब्रुवारी २०१० रोजी प्रशासक नेमला गेला. प्रीमियर लीगमध्ये खेळत असताना ही वेळ आलेला हा पहिलाच क्लब. नऊ गुण कापले गेले आणि संघ खाली गेला. त्याच मे महिन्यात तो पुन्हा एफए कपच्या अंतिम सामन्यात खेळला आणि चेल्सीकडून ०-१ असा हरला.

प्रशासकाने वह्या उघडल्या तेव्हा देणे निघाले सुमारे बारा कोटी पौंडांचे. चाहत्यांना या रकमेपेक्षाही धनकोंची यादी जास्त झोंबली. सामन्याच्या वेळी भोवळ आलेल्या प्रेक्षकावर प्रथमोपचार करणाऱ्या सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स या सेवाभावी संस्थेचे बिलसुद्धा क्लबने थकवले होते. गावातले छोटे व्यावसायिकही त्या यादीत होते. इंग्लिश फुटबॉलच्या नियमांनुसार अशा वेळी खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी पूर्ण भागवावी लागतात. बाकीच्यांना मिळेल ते घ्यावे लागते. पोर्ट्समथच्या बाबतीत बाकीच्यांशी तडजोड झाली ती पौंडामागे वीस पेन्सांवर. स्टँडमध्ये शेजारी बसणाऱ्या दुकानदाराचे पैसे आपल्याच क्लबने बुडवले, ही गोष्ट पॉम्पीच्या चाहत्याला आजही बोचते.

घसरण तिथेही थांबली नाही. २०११ मध्ये व्लादिमीर अँतोनोव यांनी क्लब घेतला. काही महिन्यांतच एका बँकेच्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये पुन्हा प्रशासक आला. पुन्हा गुणकपात झाली आणि संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. पुढच्याच वर्षी चौथी.

क्लब कायमचा बंद पडण्याची भीती खरी होती. अशा वेळी पॉम्पी सपोर्टर्स ट्रस्टने कंबर कसली. एक हजार पौंडांचा एक शेअर, अशी योजना पुढे आली. ज्यांना एकरकमी झेपत नव्हते त्यांनी मित्रांबरोबर वर्गणी काढून एक शेअर घेतला. दोन हजारांहून अधिक लोक भागधारक झाले, शहरातल्या सधन चाहत्यांनी मोठा वाटा उचलला आणि नगरपालिकेने कर्ज दिले. फ्रॅटन पार्क चैनराय यांच्या कंपनीकडे गहाण होते, त्यामुळे वाद उच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०१३ मध्ये तडजोड झाली आणि १९ एप्रिलला क्लब चाहत्यांचा झाला. इंग्लंडमधला चाहत्यांच्या मालकीचा तो सर्वांत मोठा क्लब ठरला.

चौथ्या श्रेणीतल्या संघाची दहा हजारांहून अधिक हंगामी तिकिटे खपली. दीड वर्षाच्या आत जुनी सगळी देणी फिटली. ६ मे २०१७ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, पोर्ट्समथने चेल्टनहॅमला ६-१ हरवले. तिकडे प्लिमथला बरोबरीवर समाधान मानावे लागले, डॉनकास्टर हरला आणि पोर्ट्समथने विजेतेपद हिसकावून नेले.

त्याच महिन्यात चाहत्यांपुढे अवघड प्रश्न आला. डिस्नेचे माजी प्रमुख मायकल आयस्नर यांच्या टॉर्नान्टे कंपनीने क्लबसाठी ५६ लाख ७० हजार पौंड देऊ केले आणि त्याशिवाय एक कोटी पौंड क्लबमध्ये गुंतवण्याचा शब्द दिला. विकायचे की नाही? विरोध करणाऱ्यांचे म्हणणे सरळ होते: परक्या मालकांनीच आपल्याला बुडवले, मग पुन्हा तीच चूक कशाला? बाजूने बोलणाऱ्यांनी फ्रॅटन पार्ककडे बोट दाखवले. जुन्या स्टँडच्या डागडुजीला लागणारा पैसा हजार-हजार पौंडांच्या वर्गणीतून उभा राहणार नव्हता. मतदान झाले आणि मोठ्या बहुमताने विक्रीचा कौल मिळाला.

तो निर्णय बरोबर होता का, यावर पोर्ट्समथमध्ये अजून दोन तट आहेत. दोघेही एक गोष्ट मान्य करतात: यावेळी क्लब कोणाच्या हाती जाणार हे चाहत्यांनी विचारून, वाचून आणि मत देऊन ठरवले. आधीच्या एकाही मालकाच्या वेळी त्यांना कोणी विचारलेसुद्धा नव्हते.

नव्या मालकांनी पैसा ओतला नाही, मोजून खर्च केला. त्यामुळे अनेक चाहते वैतागले. तिसऱ्या श्रेणीत सात हंगाम गेले, बढतीची संधी प्लेऑफमध्ये हुकली, व्यवस्थापक बदलले. २०१९ मध्ये वेम्ब्लीवर ८५,०२१ प्रेक्षकांसमोर सुंडरलंडला पेनल्टींवर हरवून ईएफएल ट्रॉफी मिळाली, तेवढाच दिलासा. अखेर १६ एप्रिल २०२४ च्या रात्री फ्रॅटन पार्कवर कॉनर शॉनेसीने ८९व्या मिनिटाला हेडर मारला, बार्न्सलीवर ३-२ असा विजय मिळाला आणि जॉन मूसिन्यो यांचा संघ तिसऱ्या श्रेणीचा विजेता ठरला. हंगामाअखेर त्याच्या नावावर ९७ गुण होते. बारा वर्षांनी दुसरी श्रेणी मिळाली, आणि यावेळी मागे कोणाची थकलेली बिले नव्हती.

मग २००८ चा चषक एवढ्या मनस्तापाच्या मोलाचा होता का? हा प्रश्न पॉम्पीच्या चाहत्यांत हमखास निघतो. अनेकजण ठामपणे ‘हो’ म्हणतात. वडिलांबरोबर वेम्ब्लीवर पाहिलेला तो दिवस कोणी परत देणार नाही, आणि कित्येक क्लबांच्या चाहत्यांना तो जन्मात पाहायला मिळत नाही. काही म्हणतात, गावच्या दुकानदाराच्या पैशांवर जिंकलेला चषक मिरवायचा कसा? आनंद खोटा नव्हता, हे पहिल्यांचे म्हणणे खरे आहे. पण न्याय दुसऱ्यांच्या बाजूने आहे. कारण कर्ज कोणी काढले, किती काढले आणि कशाच्या तारणावर काढले, यातले काहीही चाहत्यांना वेळेवर कळले नव्हते.

इंग्लंडने हा धडा उशिरा का होईना घेतला. २०१९ मध्ये बेरी हा क्लब लीगमधून हद्दपार झाला, २०२१ मध्ये बड्या क्लबांनी स्वतःपुरत्या वेगळ्या सुपर लीगचा घाट घातला, आणि चाहत्यांच्या संतापातून नव्या कायद्याची मागणी जोर धरू लागली. जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला. वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांवर आता स्वतंत्र नियामक असेल. मालकांची पारख होईल आणि क्लबचे मैदान परवानगीशिवाय विकता येणार नाही.

आपल्याकडचा अनुभव याहून कडू आहे. पोर्ट्समथ कोसळला त्याच २०१० मध्ये राष्ट्रीय लीगचे माजी विजेते महिंद्र युनायटेड कंपनीच्या निर्णयाने बंद झाले आणि मुंबईच्या कूपरेजवर त्यांच्यासाठी घसा कोरडा करणाऱ्यांच्या हाती काहीच उरले नाही. २०१६ मध्ये गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग क्लुबे आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. कोणत्याही निर्णयात चाहत्यांना मत नव्हते.

मुंबई, गोवा, कोल्हापूर किंवा पुण्यात ज्यांचा जीव एखाद्या क्लबात गुंतला आहे, त्यांनी या हंगामात गोलांची मोजदाद करता करता तीन प्रश्न जरूर विचारावेत: मैदान कोणाच्या नावावर आहे, उत्पन्नातला किती भाग पगारात जातो आणि क्लब कोणाचे देणे लागतो? उत्तर मिळाले नाही तर एकट्याने विचारणे सोडून चाहत्यांची संघटना बांधावी, नोंदवावी आणि संकट येण्याआधीच तिची वर्गणी सुरू करावी.