क्रिएटिनिन १.१, पण कोणाचं?

लातूर असो की नांदेड, लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन 'नॉर्मल'च्या पट्ट्यात दिसलं की आपण कागद घडी करून ठेवून देतो. जरा थांबा! २५ वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन १.१ असेल, तर २०२१च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, साधारण ९५ येतो. तेच १.१ साठीच्या बाईचं असेल तर फक्त ५७. आणि ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६०च्या खाली राहिला, तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात.

क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. त्यामुळे मुखेड-कंधारकडच्या वाळक्या अंगाच्या म्हाताऱ्या माणसांचा आकडा मुळातच कमी दिसतो आणि बिघाड झाकला जातो. इथे सिस्टॅटिन सी कामाला येतं. हे छोटं प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात, स्नायूंवर ते फारसं अवलंबून नसतं. थायरॉइडचा त्रास किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, त्याने सिस्टॅटिन सीचा आकडा हलतो. क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन सी दोन्ही मिळून काढलेला ईजीएफआर जास्त भरवशाचा. केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

बीपी-शुगर असलेल्यांनी लघवीतलं अल्ब्युमिनही तपासून घ्यावं. क्रिएटिनिन वाढायच्या आधीच ते बरेचदा दिसू लागतं.