आधी जोडणी, मग मांडणी

भेस्तानच्या आमच्या घरी, वडिलांनी खानदेशातून येताना आणलेली हिराबाई बडोदेकरांची ७८ फेऱ्यांची तबकडी जपून ठेवलेली आहे. वडील आज ८५ वर्षांचे; त्यांचे कान शाबूत आहेत तोवर ती वाजावी, म्हणून मी तिन्ही गतींचा रेकॉर्ड-प्लेअर, ॲम्प्लिफायर व दोन स्पीकर जमविले.

आवाज मात्र पोकळ आला! अधिक महागडा ॲम्प्लिफायर घेण्याच्या विचारात होतो, तोच एका जाणत्या स्नेह्याने दोष दाखविला. एका स्पीकरच्या अधिक-उणे तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. त्यामुळे एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जाई आणि खर्जाचे स्वर परस्परांना मारीत. तारा पालटल्या, खर्च शून्य. मग स्पीकर कोपऱ्यांतून काढून कानांच्या उंचीवर ठेवले, घुमारा ओसरला. पैसे लागले ते सुईला. एल.पी.ची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी घासते. तेथे सुमारे तीन सहस्रांश इंच त्रिज्येच्या टोकाची सुई हवी.

तेव्हा वाचकहो, आधी जोडणी, मग मांडणी, खरेदी सर्वांत शेवटी.

तीनएक मिनिटांत तबकडी संपली. वडील एवढेच म्हणाले, "परत लाव."