पान्हा आणि पीयूष

मराठीच्या प्राध्यापकाने वृत्ते, अलंकार आणि संतवाङ्मय बाजूला ठेवून शरीरातील एका ग्रंथीवर लेख लिहावा, हे पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. आमच्या महाविद्यालयातले जीवशास्त्राचे प्राध्यापक तर 'मग आता आम्ही अभंग शिकवायला घेऊ का?' असे विचारल्यावाचून राहणार नाहीत. परंतु या विषयाकडे मी वळलो तो एका शब्दापायी. तो शब्द माझ्या कानांवर प्रथम पडला तो आजोळच्या ओसरीवर. शब्द होता 'पान्हा'.

माझे आजोळ कृष्णाकाठच्या एका खेड्यात. धाकटी मामी तेथेच १९७८ साली घरी बाळंत झाली. मुलगी झाली, पण मामीला रक्तस्राव इतका झाला की सुईणीने हात टेकले. रात्रीच तिला जीपमध्ये घालून तालुक्याच्या गावी नेले, रक्त दिले, आणि ती वाचली. दहा दिवसांनी घरी आली ती पांढरीफटक होऊन. मुलीला पदराखाली घेतले, पण दूध येईना. आजीने अळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू केले, शतावरी दिली, देवाला नवस बोलली. थेंबदेखील आला नाही. मुलगी शेजारच्या शेळीच्या दुधावर वाढली.

हे सारे माझ्या जन्मापूर्वीचे, ऐकलेले. मी पाहिली ती मामी वैशाखातही घोंगडी पांघरून चुलीपाशी बसणारी. चेहरा मेणासारखा, आवाज ओढलेला, दोन घागरी आणल्या की भिंतीला टेकून बसायची. दुसरे मूल झाले नाही. घरातल्या बायका तिला आळशी म्हणत. आजी मनाने दुष्ट नव्हती, परंतु रागाच्या भरात एकदा माझ्यादेखत म्हणाली, "पान्हाच फुटला नाही जिथं, तिथं माया कुठनं फुटायची?" मामीने मान वर केली नाही. भाकरी थापीत राहिली.

१९९६ साली मामीला साधा ताप आला आणि उलट्या होऊन ती कोसळली. तिला पुण्यास आणले. मी तेव्हा अकरावीत होतो. इस्पितळात डबा पोचविण्याचे काम माझ्याकडे असे. तेथे एका तरुण डॉक्टरांनी तिला तपासले, रक्ताचे कागद चाळले आणि तापाचे सोडून भलतेच विचारले, "बाई, बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? बाळाला अंगावर पाजलं होतं का?" मामी रडू लागली. अठरा वर्षांत ही गोष्ट तिला प्रश्न म्हणून कोणी विचारलीच नव्हती. आतापर्यंत तो तिच्यावरचा आरोप होता.

शेंबडापासून अमृतापर्यंत

डॉक्टरांना ज्या ग्रंथीचा संशय आला तिचे नाव पिट्यूटरी. आपल्याकडे तिला पीयूषिका म्हणतात, कोणी पोष ग्रंथीही म्हणतात. या नावांची कथा मोठी मौजेची आहे.

लॅटिनमध्ये 'पिट्युइटा' म्हणजे कफ, शेंबूड. प्राचीन ग्रीक-रोमन वैद्यकात गेलेनपासून अशी समजूत होती की मेंदूत तयार होणारा मळ या ग्रंथीतून झिरपून नाकात उतरतो. १५४३ साली व्हेसेलियसने मानवी शरीररचनेवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. गेलेनच्या कितीतरी चुका त्याने काढल्या, पण ही मात्र तशीच राहिली. सतराव्या शतकात श्नायडर व लोअर या दोघांनी दाखवून दिले की मेंदूतून नाकात येणारी अशी वाटच नाही. शेंबूड नाकाच्या अस्तरातच तयार होतो. समजूत गेली, नाव राहिले.

आपल्या परिभाषाकारांनी मात्र या शेंबडाचे अमृत केले! पीयूष म्हणजे अमृत. उच्चाराचे साम्य साधले आणि अर्थही पालटला. त्यातही एक गंमत आहे. संस्कृत कोशांत 'पीयूष' याचा दुसरा अर्थ नुकत्याच व्यालेल्या गाईचे दूध असा दिलेला आढळतो. म्हणजे आपण ज्याला चीक म्हणतो व ज्याचा खरवस करून खातो, ते. आणि दुधाशी या ग्रंथीचे नाते किती जवळचे आहे, हे पुढे येईलच. नाव देणाऱ्याच्या मनात हा अर्थ होता की नाही कोण जाणे, पण नेम अचूक लागला आहे.

चार गुंजांची कचेरी

आता ही ग्रंथी कोठे आहे ते पाहू. कपाळावर कुंकू लावतो तेथून जरा खाली, नाकाच्या मुळापासून, सरळ मागे एक रेषा काढा. कानशिलांतून दुसरी आडवी रेषा काढा. दोन्ही जेथे एकमेकींना छेदतील, साधारण तेथेच मेंदूच्या तळाशी ही बसलेली आहे. आकार वाटाण्याएवढा, वजन सुमारे अर्धा ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर घातली तर जेमतेम चार गुंजा भरेल. कवटीच्या तळाच्या हाडात तिच्यासाठी एक खळगा आहे. तो खोगिरासारखा दिसतो म्हणून शरीरशास्त्रज्ञांनी त्याला 'तुर्की खोगीर' असे नाव दिले. वर बारीकसा देठ, आणि देठाच्या वर मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग.

ही ग्रंथी दिसायला एक, पण मुळात दोन घराण्यांची. गर्भावस्थेत पुढचा भाग तोंडाच्या टाळूकडून वर चढतो आणि मागचा भाग मेंदूतून खाली उतरतो. दोघे मधल्या वाटेवर भेटून कायमचे एकत्र नांदू लागतात. मागचा भाग खरे म्हणजे कोठार आहे. हायपोथॅलॅमसमध्ये तयार झालेली दोन संप्रेरके तो साठवतो व वेळेवर रक्तात सोडतो. त्यांपैकी एक मूत्रपिंडांना पाणी राखण्यास सांगते. ते आटले तर माणसाला दिवसाला कित्येक लिटर लघवी होते, तहान शमत नाही, आणि लघवीत साखर मात्र नसते. दुसरे ऑक्सिटोसिन, त्याकडे पुढे येऊ.

पुढचा भाग हा खरा कारखाना. एक संप्रेरक अंगाची वाढ करते, एक आईच्या स्तनांत दूध निर्माण करते, एक गळ्यातील थायरॉइडला कामास लावते, एक मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना जागे ठेवते, आणि दोन स्त्रीच्या बीजकोशांचा व पुरुषाच्या वृषणांचा कारभार पाहतात. म्हणून पूर्वीच्या पुस्तकांतून हिला 'ग्रंथींची राणी' म्हणत.

पण एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांना ठाऊक असेल की हुकूम सोडणारा कर्ता पुरुष बाहेर ओसरीवर बसलेला असला, तरी खरी सूत्रे माजघरातल्या आजीच्या हाती असतात. येथेही तसेच आहे. हायपोथॅलॅमस हीच ती माजघरातली आजी. देठातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून ती निरोप धाडते आणि मग पीयूषिका मोठ्याने हुकूम देते. हे निरोप शोधून काढण्यासाठी अमेरिकेत रॉजर गिलेमिन यांनी मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे मेंदू लक्षावधींच्या संख्येने कत्तलखान्यांतून गोळा केले. हाती आला तो मिलिग्रॅमभर ऐवज. त्यासाठी दोघांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आणि हा कारभार एकतर्फी नाही. थायरॉइडचे संप्रेरक रक्तात कमी पडले की पीयूषिका आवाज चढवते, पुरेसे झाले की गप्प होते. गृहिणी दूध उतू जाऊ लागताच आच मंद करते, तसाच हा हिशेब अहोरात्र चालू असतो.

राक्षसाचा सांगाडा

हा हिशेब चुकला तर काय होते, याची एक करुण कहाणी आहे. चार्ल्स बर्न हा आयर्लंडमधला तरुण साडेसात फुटांहून उंच होता. लंडनमध्ये लोक पैसे देऊन त्याला पाहत. १७८३ साली अवघ्या बाविसाव्या वर्षी तो वारला. आपले प्रेत शस्त्रवैद्यांच्या हाती लागू नये, समुद्रात सोडावे, अशी त्याची इच्छा होती. पण जॉन हंटर या नामांकित शस्त्रवैद्याने ते मिळविलेच. पुढे दोन शतकांहून अधिक काळ बर्नचा सांगाडा संग्रहालयात टांगलेला राहिला. १९०९ मध्ये हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदांच्या उपस्थितीत त्याची कवटी उघडली, तेव्हा ते 'तुर्की खोगीर' फुगून मोठे झालेले आढळले. पीयूषिकेतली गाठ वाढीचे संप्रेरक बेसुमार सोडीत होती. २०२३ साली संग्रहालयाने तो सांगाडा अखेर प्रदर्शनातून काढला.

वाढीच्या वयात हे झाले तर उंची ताडमाड होते. हाडांची वाढ संपल्यावर झाले तर उंची न वाढता जबडा, हात आणि पाय रुंदावतात. बोटातली अंगठी निघेनाशी होते, चपलांचे माप वर्षागणिक वाढते. गाठ वर सरकली तर दृष्टीच्या नसांवर दाब येऊन दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. असे काही जाणवले तर 'वयाचा परिणाम' म्हणून गप्प बसू नये. उलटपक्षी हे संप्रेरक कमी पडले तर मूल खुंटते. पूर्वी मृत माणसांच्या पीयूषिकांतून ते काढून अशा मुलांना टोचत. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा रोग जडल्याचे १९८५ साली उघडकीस आले व ती पद्धत बंद पडली. आता ते जंतूंकडून प्रयोगशाळेत तयार करून घेतात.

पान्ह्याचे शास्त्र

आता पुन्हा पान्ह्याकडे. आपली भाषा ज्याला एकच शब्द वापरते, त्यात दोन निराळ्या क्रिया आहेत. दूध तयार करणे हे पुढच्या भागातील प्रोलॅक्टिनचे काम. तयार दूध बाहेर सोडणे हे मागच्या भागातून येणाऱ्या ऑक्सिटोसिनचे काम. ऑक्सिटोसिन गर्भाशयाचेही आकुंचन करते. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये मांजरीच्या गर्भाशयावर पीयूषिकेच्या अर्काचा हा परिणाम पाहिला, आणि १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते संप्रेरक प्रयोगशाळेत घडविले. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

दूध सोडण्याच्या क्रियेबाबत आपले शेतकरी शास्त्रज्ञांच्या फार आधीपासून शहाणे आहेत. धार काढण्यापूर्वी वासरू लावतात, कारण त्याच्या ढुशीने गाय पान्हवते. वासरू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून पुढे ठेवतात. गाय बिथरली, कोणी मारले, की ती पान्हा चोरते. बाळाच्या ओठांचा स्पर्शच नव्हे, त्याचे रडणे कानी पडले तरी आईचा पदर भिजतो, हे घरोघर ठाऊक आहे. मायेने पान्हा फुटतो, असे भाषा म्हणते ते येथवर अगदी खरे आहे.

पण फुटण्यासाठी आधी दूध असावे लागते! येथे भाषेची चूक होते, आणि माझ्या मामीसारखीला ती अठरा वर्षे भोवते.

गरोदरपणात पीयूषिकेचा पुढचा भाग बराच मोठा होतो, कारण प्रोलॅक्टिन करणाऱ्या पेशी वाढतात. त्याला रक्त मिळते ते देठातून येणाऱ्या बारीक वाहिन्यांतून, बेताच्या दाबाने. बाळंतपणात फार रक्त गेले आणि रक्तदाब कोसळला, की वाढलेल्या या ग्रंथीला रक्त पुरत नाही आणि तिचा मोठा भाग मरून जातो. हॅरल्ड शीहन यांनी १९३७ मध्ये ग्लासगो येथे याचे सविस्तर वर्णन केले. म्हणून या विकाराला त्यांचे नाव आहे. पहिली खूण म्हणजे दूध न येणे. मग पाळी सुरू होत नाही. पुढे थायरॉइड थंडावते, म्हणून वैशाखात घोंगडी. अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात, म्हणून भिंतीला टेकणे, आणि साध्या तापात कोसळणे. मामीचा 'आळस' एकेका ओळीने पुस्तकात लिहिलेला होता.

उपचार फार मोठा नाही. ग्रंथी परत येत नाही, पण तिच्या हुकुमाने जे तयार व्हायचे ते गोळ्यांनी देता येते. त्यातही क्रम असतो: अधिवृक्काची गोळी आधी, थायरॉइडची नंतर. उलटे केले तर रोगी दगावू शकतो. आजारपणात डॉक्टरांना विचारून मात्रा वाढवावी लागते, आणि पहिली गोळी जन्मभर चुकवून चालत नाही.

त्या वर्षीची दिवाळी आम्ही आजोळीच केली. नरकचतुर्दशीला पहाटे उठलो तर अंगणात मामी रांगोळी काढीत होती. ती सगळ्यांच्या आधी उठल्याचे मी प्रथमच पाहत होतो. आजी तेलाची वाटी घेऊन बाहेर आली. डॉक्टरांनी सांगितलेले मामाने तिला समजावून दिले होते. तिला त्यातले किती कळले, सांगता येत नाही. "ये, बस इथं," एवढेच म्हणून तिने मामीला पाटावर बसविले आणि स्वतःच्या हाताने तिच्या पाठीला तेल चोळू लागली. बराच वेळ चोळीत होती. दोघी काही बोलल्या नाहीत.

मामी आता सत्तरीला आली आहे. तिची मुलगी, शेळीच्या दुधावर वाढलेली, तिच्या गोळ्या संपू देत नाही. वर्गात कवितेत 'पान्हा' हा शब्द आला की मी त्याचा लाक्षणिक अर्थ सांगतो, आणि मग पुस्तक मिटून चार गुंजांच्या या ग्रंथीविषयीही सांगतो. मुलांना परीक्षेत त्याचे गुण मिळत नाहीत. पण उद्या त्यांच्या घरात एखादी बाळंतीण फार रक्त जाऊन वाचली, तिला दूध आले नाही आणि ती थकत चालली, तर तिला बोल लावण्याआधी त्यांतल्या एखाद्याने डॉक्टरांकडे न्यावे, एवढ्यासाठी हे सांगणे.