विश्लेषण : गावठाणाच्या नाक्यावरचा क्रूस किती जुना? त्याचा अर्थ काय? आणि त्यावर कोरलेले साल इतके महत्त्वाचे का?

अंधेरीतील आंबोली, चकाला किंवा मरोळच्या गावठाणातून रिक्षा जाताना वळणावर पांढऱ्या चुन्याने रंगवलेला एखादा क्रूस दिसतो. खाली चौथरा, पुढे मेणबत्त्यांचे ओघळ, झेंडूचा हार आणि दगडावर अर्धवट पुसलेले एखादे साल. शेजारून मेट्रो जाते, मागे टॉवर उभा राहतो, क्रूस मात्र जागेवर असतो. वांद्रे, विलेपार्ले, कुर्ला, बोरिवली, गोराई अशा उपनगरांतील जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत असे कितीतरी क्रूस आहेत. काही पोर्तुगीज काळाची आठवण सांगतात, काही प्लेगची. गेल्या काही वर्षांत तर काहींचे वय सिद्ध करण्याची वेळ रहिवाशांवर आली. या चिन्हाचा प्रवास नेमका कसा झाला?

क्रूस की वधस्तंभ?

मराठीत या चिन्हाला दोन शब्द आहेत आणि दोन्ही वेगळी गोष्ट सांगतात. ‘क्रूस’ हा पोर्तुगीज शब्दावरून आला. गोव्यात कोंकणीत त्याचाच ‘खुरीस’ झाला. दुसरा शब्द ‘वधस्तंभ’. मराठी बायबलमध्ये तो वापरला जातो आणि मूळ वस्तूचा अर्थ तोच नेमका सांगतो. कारण क्रूस हे आधी धर्मचिन्ह नव्हतेच. ते देहदंडाचे साधन होते.

रोमन साम्राज्यात गुलाम, बंडखोर आणि चाचे यांना ही शिक्षा दिली जाई. इसवी सनपूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे गुलामांचे बंड मोडल्यानंतर सुमारे ६ हजार जणांना रोमकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवण्यात आले. मरण यातनामय असावे आणि ते येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावे, हा शिक्षेचा हेतू होता. १९६८ मध्ये जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात टाचेच्या हाडात लोखंडी खिळा अडकलेला सांगाडा सापडला. या शिक्षेचा तो दुर्मीळ प्रत्यक्ष पुरावा मानला जातो.

मग सुरुवातीचे ख्रिस्ती हे चिन्ह वापरत होते का?

उघडपणे फारसे नाही. ज्या साधनाने गुन्हेगारांना मारले जाते, ते पूजेत मांडणे लाजिरवाणे होते आणि धोक्याचेही. म्हणून सुरुवातीला मासा, नांगर, कबुतर, मेंढपाळ अशी चिन्हे दिसतात. ‘मासा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दातील अक्षरांवरून ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ असे वाक्य तयार होत असे. ओळखणाऱ्याला ते ओळखता येई, इतरांसाठी तो नुसता मासा.

मात्र क्रुसाची खूण अगदीच नव्हती असे नाही. इसवी सन २०० च्या सुमारास तर्तुलियन हा लेखक ख्रिस्ती लोक दिवसभरात वारंवार कपाळावर बोटाने क्रुसाची खूण करतात, असे लिहितो. साधारण त्याच काळातले रोममधील पॅलेटाइन टेकडीवरचे एक भिंतचित्रही प्रसिद्ध आहे. त्यात क्रुसावर गाढवाचे डोके असलेला माणूस आणि त्याला वंदन करणारा एक जण रेखाटला आहे. ती ख्रिस्ती माणसाची टिंगल होती. म्हणजे क्रुसाच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक चित्र भक्ताने काढलेले नसून चेष्टा करणाऱ्याने काढलेले आहे.

चित्र पालटले ते चौथ्या शतकात. ३१२ मध्ये रोमजवळच्या मिल्वियन पुलाच्या लढाईपूर्वी सम्राट कॉन्स्टंटाइनला आकाशात ख्रिस्ताचे चिन्ह दिसले, अशी कथा आहे. त्याने ढालींवर वापरलेले चिन्ह ‘ख्रिस्त’ या ग्रीक शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांचे होते, असे सांगतात. पुढे त्याची आई हेलेना जेरुसलेमला गेली आणि तिला मूळ क्रूस सापडला, अशी परंपरा रूढ झाली. क्रुसावर चढवण्याची शिक्षा बंद झाली आणि ती प्रत्यक्ष पाहिलेली पिढी सरली, तसा क्रूस उघडपणे मिरवला जाऊ लागला. क्रुसावरील येशूचे सार्वजनिक जागेतील सर्वांत जुन्या चित्रणांपैकी एक रोममधील सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर आहे आणि ते पाचव्या शतकातील आहे. येशूच्या मृत्यूनंतर सुमारे ४०० वर्षांनी!

मुंबई परिसरात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांनीच आणला का?

सर्वसाधारण समज तसा आहे. मात्र कागदोपत्री नोंदी त्याहून जुन्या आहेत. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक आणि बिशप असल्याचे लिहिले आहे. अनेक अभ्यासक हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण असे मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात आलेल्या चार फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना तेथील ख्रिस्ती कुटुंबाने आसरा दिला होता. त्याच वर्षी त्या चौघांची ठाण्यात हत्या झाली. पोर्तुगीज येण्यापूर्वी दोनशे वर्षांची ही घटना. ही आधीची मंडळी इराणमधील पौर्वात्य चर्चशी जोडलेली होती. त्याच परंपरेतील, पहलवी लिपीतील मजकूर कोरलेले दगडी क्रूस केरळमध्ये आणि चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आजही पाहायला मिळतात. त्यांवर येशूची आकृती नाही.

१५३४ च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतर साष्टीत, म्हणजे आजच्या वांद्र्यापासून बोरिवली-मुलुंडपर्यंतच्या बेटावर, चर्च आणि क्रूस उभे राहू लागले. येथील कोळी, शेतकरी, आगरी कुटुंबांपैकी अनेक ख्रिस्ती झाली. भाषा मात्र मराठीच राहिली. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या समाजाने स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथले मूळ रहिवासी आहोत, हे ब्रिटिश सरकारला दाखवणे हा त्यामागील हेतू होता.

बोरिवलीच्या मंडपेश्वर लेणीत क्रूस कसा?

क्रुसाच्या इतिहासाची अवघड बाजू इथे दिसते. मंडपेश्वर हे सहाव्या ते आठव्या शतकाच्या दरम्यानचे शैव लेणे. सोळाव्या शतकाच्या मध्यास अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या काळात त्याचे प्रार्थनागृह करण्यात आले आणि वरच्या बाजूला चर्च व मठाची इमारत उभी राहिली. लेण्यातील एका भिंतीवर मूळ शिल्प छिलून त्या जागी मोठा क्रूस कोरलेला आजही दिसतो.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई पडली, साष्टीवरील पोर्तुगीज सत्ता संपली आणि लेण्यात पुन्हा शिवपूजा सुरू झाली. आज हे स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. आत शिवलिंगाची पूजा होते, वर चर्चचे भग्नावशेष आहेत आणि भिंतीवरचा क्रूसही तसाच आहे. शेजारच्या वसाहतीचे ‘आयसी कॉलनी’ हे नाव ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ चर्चवरून पडले. एका दगडावर दोन धर्मांचा आणि तीन राजवटींचा इतिहास असा शेजारी-शेजारी आहे. रोममध्ये सत्तेने लोकांना मारण्यासाठी वापरलेला क्रूस इथे सत्तेचीच खूण म्हणून कोरला गेला.

‘प्लेगचा क्रूस’ म्हणजे काय?

नाक्यांवरचे अनेक क्रूस मात्र सत्तेने उभारलेले नाहीत. ते घाबरलेल्या लोकांनी उभारले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतील ब्युबोनिक प्लेगचे निदान केले. काही महिन्यांत शहर रिकामे होऊ लागले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार ७६४ होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजार ६ वर आली.

प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये शोधला गेला होता, पण तो उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतली. ती गावोगाव पोहोचायला वेळ लागला. म्हणजे १८९६-९७ च्या हिवाळ्यात साष्टीतील गावांपुढे रोग होता, पण तो कसा येतो याचे उत्तर नव्हते. सरकारी उपाय म्हणजे घरझडती, रुग्णांना उचलून छावणीत नेणे, घरांना चुना मारणे. अशा वेळी वेशीवर, तिठ्यावर, विहिरीजवळ क्रूस उभारून लोक संध्याकाळी एकत्र प्रार्थना करू लागले. रोग गावात शिरू नये म्हणून वेशीवर राखणदार बसवावा, तशीच ही कल्पना. गावदेवीच्या वेशीची ओळख असलेल्या समाजाला ती परकी वाटली नसावी.

मात्र प्रत्येक जुना क्रूस प्लेगचा नसतो. काही प्लेगच्या आधीचे आहेत, काही नवस फेडण्यासाठी किंवा कुणाच्या स्मरणार्थ उभारलेले आहेत. क्रुसावर १८९५ किंवा त्याआधीचे साल असेल, तर त्याचा १८९६ च्या साथीशी संबंध जोडता येत नाही.

क्रुसावरील खुणा कशा वाचायच्या?

वरच्या पाटीवर ‘आयएनआरआय’ ही रोमन अक्षरे असतात. ‘नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा’ या लॅटिन वाक्यातील ती आद्याक्षरे. रोमन अधिकारी पिलात याने क्रुसावर लावलेल्या आरोपपत्राचा तो मजकूर. ‘आयएचएस’ ही येशूच्या ग्रीक नावातील पहिली तीन अक्षरे.

पायथ्याशी कवटी आणि दोन हाडे असतील तर ती धोक्याची खूण नव्हे. येशूला क्रुसावर दिले त्या ‘गुलगुथा’ या ठिकाणाच्या नावाचा अर्थच ‘कवटीची जागा’. आदिमानव आदाम तिथेच पुरला होता, अशी समजूत आहे. काही जुन्या क्रुसांवर हातोडा, खिळे, पक्कड, शिडी, भाला कोरलेला असतो. ही येशूच्या यातनांची साधने. कोंबडा असेल, तर तो पेत्राने येशूला तीन वेळा नाकारल्यानंतर आरवलेला कोंबडा. वाचता न येणाऱ्यांसाठी संपूर्ण कथाच दगडावर मांडलेली असे.

मे महिन्यात क्रुसांपुढे गर्दी का होते?

हेलेनाला क्रूस सापडल्याचा सण पूर्वी ३ मे रोजी साजरा होई. १९६० मध्ये रोमन दिनदर्शिकेतून तो वगळला गेला आणि १४ सप्टेंबरचा क्रुसाचा सण मुख्य राहिला. गावठाणांनी मात्र मे सोडला नाही. हा महिना मारियेच्या भक्तीचाही असतो. रंगरंगोटी होते, पताका लागतात, शेजारीपाजारी जमून जपमाळ म्हणतात, शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. अनेक ठिकाणी हार घालणाऱ्यांत हिंदू शेजारीही असतात. मरोळजवळ सीप्झच्या आवारात असलेल्या १५७९ च्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या अवशेषांतही वर्षातून एकदा, मे महिन्यातच प्रार्थना होते. १८४० च्या सुमारास साथीमुळे ते चर्च मरोळला हलवण्यात आले होते.

सध्याचा प्रश्न काय?

२९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, उद्याने व जागांवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळे उभारण्यास मनाई केली आणि जुन्यांबाबत राज्यांनी प्रकरणनिहाय निर्णय घ्यावा, असे सांगितले. त्यानुसार राज्य सरकारने ५ मे २०११ रोजी धोरण जाहीर केले. नियमित करणे, पाडणे किंवा स्थलांतर करणे असे पर्याय त्यात आहेत. १ जानेवारी १९६४ पूर्वीचे बांधकाम असेल, तर ते टिकण्याची शक्यता वाढते. हा नियम सर्व धर्मांच्या बांधकामांना लागू आहे.

इथेच दगडावरचे साल महत्त्वाचे ठरते. एप्रिल २०१७ मध्ये वांद्र्यातील बाझार रोडवरील, १८९५ साल असलेला क्रूस महापालिकेने पाडला. तो खासगी जागेत होता, असे सांगत रहिवाशांनी निषेध केला. त्यानंतर उपनगरांत अनेकांनी आपापल्या क्रुसांची कागदपत्रे शोधायला सुरुवात केली.

पुरावा म्हणून काय लागते?

कोरलेले साल ही पहिली खूण, पण ती पुरेशी नसते. कधी ते दुरुस्तीचे साल असते. जुने भूमापन नकाशे, मालमत्ता पत्रक, चर्चच्या नोंदवह्या, लग्न-मिरवणुकीचे जुने फोटो यांतून क्रूस कधीपासून आणि कोणाच्या जागेत आहे, हे दाखवता येते. अडचण अशी, की हा पुरावा अनेकदा भक्तीच्या भरात नष्ट होतो. चौथऱ्यावर नव्या टाइल्स बसवल्या जातात, ग्रॅनाइट लावले जाते, दरवर्षीच्या ऑइलपेंटखाली अक्षरे बुजतात. त्यामुळे रंग देण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढणे, मजकूर उतरवून ठेवणे आणि दगडावर टाइल न लावणे, ही साधी कामे आधी करायला हवीत. रस्ता रुंदीकरणाची नोटीस येईल तेव्हा उत्तर द्यायला मुदत थोडीच असते.