खिळ्याच्या भोकाची जोडी

मार्गशीर्षातल्या एका लग्नात मावसबहिणीच्या कानात लाकडी डूल दिसले. एका डुलाचं भोक साधं, स्वच्छ. दुसऱ्याच्या भोकाभोवती मात्र काजळ पसरावं तशी निळसर काळी कडा. "हे असं का गं?" तर म्हणाली, "ते खिळ्याचं आहे. वाड्याच्या तुळईतल्या खिळ्याचं." पुढचं सनईत बुडालं. पण तेवढ्यावर मी ते डूल करणाऱ्या बाईंचा नंबर घेतला आणि पंधरा दिवसांनी सिंहगड रस्त्यावरच्या एका इमारतीचे तीन जिने चढून गेले.

कारखाना म्हणजे बाल्कनी. एका कोपऱ्यात बारीक पात्याचं यंत्र, शेजारी तुळस, वर दोरीवर चिमट्यांनी एकेक सुटी टांगलेली तेलकट फडकी. मला वाटलं, वाळत घातलीत. "वाळत नाही, ताई, आग लागू नये म्हणून," ती म्हणाली. डुलांना शेवटी जवसाचं तेल लावतात. ते हवेतल्या ऑक्सिजननं सुकतं आणि सुकताना तापतं. अशा फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपसूक पेटू शकतो. घरबसल्या व्यवसायाचं कौतुक करणाऱ्या लेखांत हे वाचल्याचं मला आठवत नाही.

पुण्यात वाडे पडतात तेव्हा त्यांचं सागवान बाजारात येतं. लांब, सरळ माल फर्निचरवाले उचलतात. टोकं, फुटकी, किडकी उरतात, ती हिच्याकडे वजनावर येतात. धायरीच्या बाजूला एक सुतारकाका आहेत, ते त्यांच्या पातळ फळ्या पाडून देतात. त्याआधी ही प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवते. तरी एखादा खोल रुतलेला खिळा निसटतो आणि काकांचं पातं जातं. सागात मुळातच वाळूच्या जातीची सिलिका असते, पाती तशीही लवकर बोथटतात. पात्याचे पैसे हिच्या वहीत, शिव्या काकांच्या तोंडात.

तिनं यंत्र सुरू केलं आणि तो वास आला. शंभर वर्षं धूर, तेल, पावसाळे खाल्लेलं लाकूड वरून राखाडी, मेलेलं दिसतं. पात्यानं पापुद्रा निघाला की आतून मधाच्या रंगाचं, तुपकट वासाचं, नव्या चामडी चपलेची आठवण करून देणारं काहीतरी उघडं पडतं. घरी आल्यावर पदराला तो वास होता. मी ती साडी दोन दिवस धुतली नाही.

बाकी काम सांगण्यासारखं थोडं आहे. आकार कापायचा, भोक पाडायचं, पॉलिशपेपरनं 120 पासून 600 पर्यंत घासायचं, तेल, मेण, आकडा. भोक पाडणं तेवढं अवघड. ते टोकाच्या फार जवळ गेलं की डूल रेषेवर उभा चिरतो. माझ्यासमोर एक चिरला. तिनं तो न बोलता डब्यात टाकला. डबा निम्मा भरलेला होता. तोंडाला मास्क होता, पण बोलताना तो हनुवटीवर यायचा. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेनं लाकडाचा भुसा 1995 मध्येच कर्करोगकारक ठरवलाय, असं मी म्हणाले. "माहितीये," ती म्हणाली आणि मास्क वर केला. दोन मिनिटांनी पुन्हा खाली. कारण फोन वाजला.

फोन सतत वाजतो. तिनं एकदा महिनाभर मोजलं होतं. विकल्या गेलेल्या एका जोडीमागे सरासरी अकरा मेसेज. किंमत वर लिहिलेली असताना "प्राइस प्लीज", मग वजन, मग "कानाला जड होईल का", मग "अजून एक फोटो", मग "यात थोडा डार्क शेड मिळेल का". लाकडाला शेड कार्ड नसतं हे ती दिवसातून किती वेळा लिहीत असेल! एका जोडीला हाताचं काम पन्नास मिनिटांचं, आणि मेसेज अकरा.

तिची वही मी पाहिली. जोडी 480 रुपयांना. आकडे, डबी, टपाल, सुतारकाका वजा जाता तिला साधारण 330 उरतात. फोनला वहीत रकाना नाही. रात्री साडेदहाला "हाय डिअर, अव्हेलेबल?" असं विचारणाऱ्या अनोळखी बाईला नम्र उत्तर देणं हे कशात धरायचं? नवरा त्याला मोबाइल बघत बसणं म्हणतो.

न्यू जर्सीच्या एका मराठी मंडळातून शिसवीच्या तीस जोड्यांची विचारणा आली होती. शिसवीच्या अख्ख्या वंशावर 2017 पासून साइटस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची नजर आहे. छोट्या तयार वस्तूंना पुढे सवलत मिळाली, पण कस्टममध्ये अडकलेल्या खोक्याला सवलतीचं कलम कोण समजावणार, म्हणून हिनं सागवानाच्या पाठवल्या. जाहिरातीत मोठी बाजारपेठ हातात आलेली असते. तिच्या हातात मात्र पॉलिशपेपर आणि फोन, एका वेळी एकच.

खिळ्याच्या भोकाबद्दल विचारलं तेव्हा ती हसली. लोखंड गंजलं की सागातल्या टॅनिनशी मिळून तो काळा डाग पडतो. रंगानं तो आणता येत नाही. खिळा जिथं असेल तिथंच भोक, त्यामुळे जोडीतला दुसरा डूल कधीच तसा नसतो. अशा चार जोड्या तिनं आजवर केल्या. एक माझ्या बहिणीची. दोन परत आल्या. एकीनं लिहिलं होतं, "दोन्ही सारखी नाहीत. डिफेक्टिव्ह पीस." तिनं पैसे परत केले, जाण्यायेण्याचा टपालखर्चही सोसला.

मला यात गिऱ्हाइकाची बाजू घेता येत नाही, प्रयत्न करूनही. यंत्रावरची हजार सारखी कानातली तुळशीबागेत शंभर रुपयांत मिळतात. सारखंच हवं असेल तर तिथं जावं.

परत आलेल्यांपैकी एक जोडी मी घेतली. दुसरी तिनं स्वतः घातलेली होती. त्या तुळईचा वीतभर तुकडा अजून तिच्या बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीखाली आहे. लोहचुंबक फिरवून तिनं दाखवलं: आत आणखी तीन खिळे आहेत.